तारेवर बसलीये म्हणजे ती पाकोळी नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर तुम्ही मोठा फोटो छापलात, मागे उसाचं रान, पुढे विजेच्या तारा आणि तारांवर ओळीने बसलेले बरेच छोटे छोटे पक्षी. फोटो झकास आहे, काढणाऱ्याला शाबासकी द्या, पण त्याच्याखाली 'पाकोळ्यांची सकाळची शाळा' असं लिहिलंय आणि तिथेच सगळा घोळ झालाय. पाकोळी, म्हणजे इंग्रजीतली स्विफ्ट, तारेवर बसत नाही. बसूच शकत नाही. त्या भिंगऱ्या आहेत, ज्याला इंग्रजीत स्वॅलो म्हणतात. ई-पेपरवर झूम करून बघितलं तर गळ्याला विटकरी रंग, त्याच्याखाली काळसर पट्टा, पोट पांढरट आणि त्यातल्या काहींच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी लांब काड्या, म्हणजे साधी बार्न स्वॅलो, थंडीची पाहुणी. आणि आतल्या चौकटीत लिहिलंय की 'या पाकोळ्या बारमाही आपल्या सोबत असतात'. नसतात हो. ऑगस्ट-सप्टेंबरला उत्तरेकडून यायला लागतात आणि एप्रिलपर्यंत माघारी जातात.

मी कुणी पक्षीतज्ज्ञ नाही. वीज खात्यात वायरमन होतो, आता रिटायर होऊन वाईला असतो. पण सगळी नोकरी मान वर करून तारांकडे बघण्यात गेली, त्यामुळे तारेवर कोण बसतं आणि कोण बसत नाही एवढं तरी मला सांगता येतं. (पक्ष्यांना शॉक कसा बसत नाही हे प्रत्येकजण विचारतो म्हणून इथेच सांगून टाकतो, दोन्ही पाय एकाच तारेवर असतात म्हणून अंगातून करंट जायला वाटच नसते, दुसऱ्या तारेला नाहीतर पोलच्या लोखंडाला अंग लागलं तरच खेळ खल्लास, म्हणून घारी-घुबडं मरतात, मोठ्या पंखांची. भिंगरीचा पंख तिथवर पोचत नाही.)

आता पाकोळी का बसत नाही ते बघा. चिमणी, बुलबुल, भिंगरी यांच्या पायाला तीन बोटं पुढे आणि एक मागे, त्यामुळे फांदी किंवा तार मुठीत धरल्यासारखी पकडता येते. पाकोळीचे पाय अगदी आखूड आणि बोटं चारही पुढच्या बाजूला वळणारी, नखं अणकुचीदार. त्या पायांनी उभ्या भिंतीला, कड्याच्या कपारीला, वाड्याच्या तुळईला लटकता येतं, आडव्या तारेवर तोल सांभाळता येत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच की वर उडताना ओळखू आली नाही तर जरा थांबा, वाट बघा. तारेवर, वाळक्या काटकीवर, अँटेनावर येऊन बसली की पाकोळी बाद. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

दोघी दिसायला इतक्या सारख्या आहेत म्हणून लोकांना वाटतं की एकाच घरातल्या असणार, पण नात्याने बघितलं तर लांबच्या लांब आहेत. पाकोळीचे जवळचे भाऊबंद म्हणजे अमेरिकेतले हमिंगबर्ड, आणि भिंगरी निघाली चिमणी-मैना या गोतावळ्यातली. हवेत उडणारे किडे उडता उडता पकडून खायचे हा एकच धंदा दोघींनी धरला आणि त्या धंद्याला जी अंगकाठी लागते ती दोघींना आली, लांब टोकदार पंख, एवढीशी चोच पण जबडा उघडला की भला मोठा. फरक उरला तो पंखाच्या हाडात. पाकोळीच्या दंडाचं हाड फार आखूड आणि पंजाचा भाग लांब, त्यामुळे आपल्याला खालून पंख अंगापासून टोकापर्यंत विळ्यासारखा एका बाकात दिसतो, मधे कोपर-मनगट काही जाणवत नाही. भिंगरीचा पंख अंगाजवळ रुंद आणि मनगटात स्पष्ट मोडलेला असतो, झाप मारून झाली की ती पंख मागे अंगालगत ओढून घेते, परत उघडते. पाकोळी पंख असे मिटत नाही, ताठ पंखांनी अगदी जलद थरथर-थरथर आणि मग पंख खाली झुकवून सुळकन लांब घसरत जाते. एकदा हे डोळ्यात बसलं की मग रंग दिसो न दिसो, एसटीच्या खिडकीतूनसुद्धा ओळखता येतं.

रंगाबद्दल मुद्दाम बोलतो कारण पुस्तकात चित्र बघून येणारे सगळे आधी रंग शोधतात. आकाशाच्या उजेडापुढे कुठलाही पक्षी काळाच दिसतो, निळी झाक नाही, तांबूस कंबर नाही, काही नाही. म्हणून आधी आकार, मग उडण्याची चाल, मग कुठे उडतोय ती जागा, आणि सगळ्यात शेवटी रंग. तो पण पक्षी वळतो तेव्हा पाठ दिसते त्या एका क्षणात पकडायचा.

आपल्या गावाशहरात सगळ्यात जास्त दिसते ती छोटी घरपाकोळी, लिटल स्विफ्ट. जुने वाडे, देवळाचे मंडप, किल्ल्यांचे दरवाजे आणि आता फ्लायओव्हरच्या खालच्या बाजू, जिथे जागा मिळेल तिथे वसाहत करून राहते. काळी, साधारण १२ सेंटीमीटरची, शेपूट आखूड आणि सरळ कापलेलं, गळा पांढरा आणि कमरेवर ठळक पांढरा पट्टा. हा पट्टा बाजूने खाली पोटाच्या कडेपर्यंत वळतो, त्यामुळे खालूनसुद्धा दोन्ही बाजूंना थोडं पांढरं दिसतं. संध्याकाळी सगळ्या गोळा होऊन चिरकत चिरकत एकमेकींच्या मागे गोल फिरतात, तो आवाज ऐकला की वर न बघता सांगावं. आता गंमत अशी की पांढरी कंबर असलेली एक भिंगरीपण आहे, हाउस मार्टिन, थंडीत डोंगराकडच्या भागात छोट्या थव्यांनी येते आणि दरवर्षी कुणीतरी तिचा फोटो टाकून घरपाकोळी म्हणतं, नाहीतर उलटं. यातून सुटायचं तर पाठ सोडा आणि पोट बघा. मार्टिनचं गळ्यापासून शेपटीपर्यंत सगळं पोट पांढरं, पाकोळीचं काळं, फक्त गळा पांढरा. शिवाय मार्टिनची शेपटी दुभंगलेली असते.

खरी परीक्षा बघायची तर कड्यावरची भिंगरी, डस्की क्रॅग मार्टिन. ही भल्याभल्यांना फसवते. अंगभर काजळी-तपकिरी, शेपूट सरळ, पांढरा पट्टा नाही, लांब काड्या नाहीत, किल्ल्यावर राहते, वाड्यात राहते, अपार्टमेंटच्या जिन्यातपण राहते आणि बहुतेक वेळा घरपाकोळ्यांच्याच आसपास उडत असते. हिला बघायचं तर आमच्याकडे मेणवलीच्या घाटावर या, सकाळचं ऊन दगडी तटावर आडवं पडतं तेव्हा. ही पाकोळीसारखी आकाशात उंच धावत नाही, तटाला धरून, अगदी हातभर अंतर ठेवून, पंख जवळजवळ न हलवता हळू तरंगत जाते, टोकाला गेली की वळते आणि त्याच भिंतीवरून परत येते, भिंतीच्या उबेवर जे किडे निघतात ते टिपत. आणि वळताना बघायचं. वळताना शेपूट पंख्यासारखं पसरतं आणि त्या पसरलेल्या पिसांमध्ये पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ दिसते, शेपूट मिटलं की ठिपके गायब. तेवढ्या अर्ध्या सेकंदात खात्री होते. पाकोळीला असे ठिपके नसतात. मग ती कठड्यावर उतरते, दोन पायांवर नीट बसते, पिसं चोचीने साफ करते, म्हणजे पहिला नियम परत लागू. हिवाळ्यात हिची मोठी बहीण, युरेशियन क्रॅग मार्टिन, उत्तरेकडून सह्याद्रीत येते, रंग जरा फिका, गळा पोटापेक्षा उजळ. पण त्या दोघींमधला फरक चांगल्या दुर्बिणीशिवाय करायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत, नुसतं क्रॅग मार्टिन लिहावं आणि गप्प बसावं.

तारेवरच्या भिंगऱ्यांचं त्यामानाने सोपं. तुमच्या फोटोतली बार्न स्वॅलो वर सांगितलीच, फक्त एवढं लक्षात ठेवा की नुकत्याच आलेल्या थव्यात लहान पिल्लं बरीच असतात, त्यांचा गळा फिका असतो आणि शेपटीच्या काड्या आखूड असतात, म्हणून 'शेपूट लांब नाही म्हणजे भिंगरी नाही' असं समजू नका, छातीवरचा काळसर पट्टा शोधा. तारवाली भिंगरी पाण्याजवळची, कृष्णेच्या पुलाखाली बारा महिने जोडीने दिसते. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ चकचकीत निळी आणि खाली गळ्यापासून सगळं शुभ्र, एकही पट्टा नाही. शेपटीच्या दोन तारा इतक्या बारीक की आकाशापुढे बहुतेक वेळा दिसतच नाहीत, त्यांच्या भरवशावर राहिलात तर फसाल, पांढऱ्या गळ्यावरून ओळखा. तिसरी रेड रम्प्ड, कमरेवर तांबूस पट्टा आणि पोटावर बारीक रेघा. ही खालून बघताना शेपटीच्या मुळाशी एकदम काळं सुरू होतं, शाईत बुडवून काढल्यागत, हा खालचा काळा भाग कमरेपेक्षा जास्त उपयोगी पडतो कारण आपण नेहमी खालीच उभे असतो. भीमेच्या बाजूला गेलात तर मोठ्या पुलांखाली आणखी एक सापडेल, गळ्यावर रेघा असलेली छोटी भिंगरी, शेपटी जेमतेम दुभंगलेली, शेकड्याने एका ठिकाणी एकमेकींना चिकटून घरटी बांधते.

आता तो अपवाद. तुरेवाली झाडपाकोळी, क्रेस्टेड ट्रीस्विफ्ट. पाकोळ्यांची नातेवाईक खरी पण कुळ वेगळं, आणि ही झाडावर बसते. सह्याद्रीच्या जंगलात आणि विदर्भातल्या पानगळीच्या जंगलात उंच झाडाच्या वाळक्या शेंड्यावर एकदम ताठ बसलेली दिसेल, कपाळावर तुरा, नराच्या गालावर तांबडा रंग, शेपूट लांब दुभंगलेलं पण मिटून एक टोक केलेलं. तिचं घरटं म्हणजे फांदीला चिकटवलेली इवलीशी वाटी, त्यात एकच अंडं मावतं, बसलेला पक्षी बघितला तर खाली घरटं आहे यावर विश्वास बसत नाही. पण ही विजेच्या तारेवर शाळा भरवत नाही, त्यामुळे तुमच्या कॅप्शनला हिचाही आधार नाही.

कोकणातल्या वाचकांसाठी आणखी एक गोंधळ आहे. तिथे ताडामाडांच्या आसपास तारेवर खांद्याला खांदा लावून राखाडी जाड चोचीचे पक्षी बसलेले असतात, मधूनच एक उडतो, रुंद त्रिकोणी पंखांनी तरंगत गोल मारून परत त्याच जागेवर येऊन दाटीत घुसतो. तो वुडस्वॅलो. नावात स्वॅलो आहे पण भिंगरीशी काही संबंध नाही, पाकोळीशी तर नाहीच. आणि त्याच ताडांवर खरीखुरी ताडपाकोळी राहते, सडपातळ, सगळी राखी-तपकिरी, शेपूट खोल दुभंगलेलं पण उडताना बहुतेक वेळ मिटलेलं म्हणून मागे नुसती सुई दिसते. तिचं घरटं ताडाच्या झापाच्या खालच्या बाजूला लाळेने चिकटवलेलं असतं, वाऱ्याने झाप हेलकावे खातं तरी अंडी पडत नाहीत कारण तीपण लाळेने चिकटवलेली असतात. गावातले ताड-माड तोडून टाकले की ही जाते, एवढं सरळ गणित.

घाटमाथ्यावर मोठी अल्पाइन स्विफ्ट. महाबळेश्वरच्या कुठल्याही कड्याच्या पॉइंटवर उभं राहा, कानाजवळून हवा कापल्याचा आवाज करत काहीतरी निघून जातं ते हेच. घरपाकोळीच्या दुपटीकडे झुकणारी, पंख पसरले की अर्ध्या मीटरहून जास्त, पोट पांढरं आणि छातीवर तपकिरी पट्टा. हिला लोक ससाणा समजतात. ससाणा एकटा असतो आणि त्याचं डोकं मोठं, ही बहुतेक वेळा टोळीने असते.

तुमच्या चौकटीत आणखी एक वाक्य होतं, 'पाकोळी सलग दहा महिने जमिनीवर उतरत नाही'. हे खरं आहे पण आपल्या पाकोळीचं नाही. २०१६ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या लोकांनी युरोपातल्या कॉमन स्विफ्टच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून ते दाखवलं. त्याआधी २०१३ ला स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी अल्पाइन स्विफ्टवर तसंच काम केलं, ती आफ्रिकेत जाऊन येईपर्यंत २०० दिवस हवेतच होती. आपली घरपाकोळी रोज संध्याकाळी घरट्यात झोपायला येते, अंडी असोत नसोत. सगळ्या पाकोळ्या एकाच पोत्यात भरल्या की असं होतं.

वेंगुर्ल्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. किनाऱ्यासमोरच्या वेंगुर्ला रॉक्स बेटांवर गुहेत राहणारी छोटी पाकोळी आहे, इंडियन स्विफ्टलेट. गुहेच्या काळोखात टिकटिक आवाज काढून त्याच्या पडसादावर ती वाट शोधते, वटवाघळासारखी युक्ती पण आवाज आपल्या कानाला ऐकू येणारा. तिचं घरटं लाळेचं, ते परदेशात सूप करायला विकलं जातं म्हणून तिथून चोरून नेत होते, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिच्या रक्षणासाठी काम केलं. उडताना हिला आणि ताडपाकोळीला वेगळं करणं अवघड, पण शेपूट आखूड आणि थोडंसंच खाचलेलं असेल तर ताडपाकोळी नव्हे.

फोटोबद्दल थोडं. हल्ली सगळे मोबाईलवर काढतात, पक्षी काळा ठिपका येतो आणि तो ठिपका अ‍ॅपमध्ये टाकून जे नाव येईल ते ग्रुपवर. अ‍ॅपला काय, त्याला जेवढं दिसतं त्यावरून ते अंदाज करणार. आणि फोटोत पंख एका जागी गोठतो, पाकोळीचा पंख मागे गेलेला असताना टिपला तर हुबेहूब भिंगरीसारखा दिसतो, जी चाल बघून आपण एका झटक्यात ओळखलं असतं ती चाल फोटोत नसते. त्यापेक्षा स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या, आकाशाकडे कॅमेरा धरलाय म्हटल्यावर एक्सपोजर थोडं वाढवा म्हणजे पोटाचा रंग येतो. आणि कुठे, किती वाजता, काय करत होता हे दोन ओळीत लिहा, त्याची किंमत फोटोपेक्षा कमी नाही.

आता जे छापून आलं त्यातली सगळ्यात गंभीर गोष्ट. 'जमिनीवर पडलेली पाकोळी दिसल्यास तिला हवेत उंच भिरकवावे, ती आपोआप उडून जाते.' कृपा करून याची दुरुस्ती छापा. पाय आखूड असल्यामुळे तिला जमिनीवरून उठायला त्रास होतो हे बरोबर, पण पडलेला पक्षी जखमी असू शकतो, उपाशी असू शकतो, पंखाची पिसं पुरी न वाढलेलं पिल्लू असू शकतं, तुम्ही भिरकावलंत तर तो दगडावर आपटून मरेल. आधी पुठ्ठ्याच्या खोक्यात भोकं पाडून, खाली फडकं टाकून, अंधारात शांत ठेवा. तोंडात दूध, भात, पाणी काही कोंबू नका, हिचं खाणं फक्त किडे आहेत. वनखात्याला किंवा जवळच्या प्राणीमित्रांना फोन करा. पक्षी धडधाकट वाटत असेल तर मोकळ्या जागेत तळहात उघडा ठेवून उंच धरा, तिला वाटलं तर ती स्वतः जाईल, नाही गेली तर परत खोक्यात. आणि हो, इथेही ओळख लागते. जमिनीवर उतरलेला प्रत्येक असा पक्षी अडचणीतला नसतो. जानेवारी-फेब्रुवारीनंतर कुठे नळ गळतोय, कुठे टँकरखाली डबकं झालंय, तिथे भिंगऱ्या उतरतात, चिखलाच्या कडेला आखूड पायांवर उभ्या राहून पंख वर धरून थरथरवत असतात आणि चोचीने चिखलाची गोळी करून घेऊन जातात. घरटं बांधायचं चाललेलं असतं. आमच्या आळीतल्या पोरांनी 'आजारी आहे' म्हणून अशीच एक टोपलीखाली झाकून ठेवली होती, सोडायला लावली.

घरट्यावरून तर चूक व्हायलाच नको. चिखलाच्या गोळ्या दिसल्या म्हणजे भिंगरी, गवत-पिसं लाळेने थापलेली दिसली म्हणजे पाकोळी, कारण पाकोळी चिखलाला खाली येतच नाही, तिचं सामानसुद्धा हवेत उडणारी पिसं आणि काड्या. चिखलाची अर्धी वाटी भिंतीला असेल तर क्रॅग मार्टिन किंवा तारवाली, छताला चिकटलेला गोल भाग आणि पुढे निमुळती नळी असेल तर रेड रम्प्ड. दिवाळीच्या आधी रंगकाम काढलं की सोसायट्यांमध्ये झाडूने सगळं पाडतात, 'आता रिकामंच आहे' म्हणतात. बऱ्याचदा तीच घरटी पुढच्या वर्षी डागडुजी करून वापरली जातात, आणि घरपाकोळ्या तर त्यात रोज झोपतात, ती रिकामी कधीच नसतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे त्यात वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना धक्का लावणंही येतं. घाणीचा त्रास होतो हे मान्य, खाली एक फळी ठोका, काम भागतं.

कुणी म्हणेल एवढं काय मनावर घ्यायचं, पक्षी तो पक्षी. तर २०२३ साली 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल आला, ९४२ जातींचा हिशेब, आणि तो मांडलाय सुमारे ३० हजार साध्या पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या ३ कोटी नोंदींवर. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांनी लिहिलेलं. किडे आणि मांस खाणारे पक्षी घटतायत, फळं आणि मध खाणारे त्यामानाने ठीक आहेत, असं त्यात दिसतं. उद्या वाईत भिंगऱ्या कमी झाल्या का हे कुणी तपासायला गेलं आणि अर्ध्या नोंदी पाकोळीच्या नावाने निघाल्या तर काय तपासणार? आणि लोकं नाव कुठून शिकतात, तर पेपरमधून. तुमच्या पेपरचं कात्रण आमच्या इथल्या शाळेच्या फळ्यावर अजून लावलेलं आहे, मी स्वतः बघितलंय, मास्तरांना सांगितलं तर म्हणाले पेपरात छापून आलंय.

दर ५ ते १२ नोव्हेंबरला आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, त्यात तुम्ही पान काढताच. यंदा मोराचा आणि खंड्याचा फोटो नाही टाकलात तरी चालेल, त्यांना सगळे ओळखतात. त्याऐवजी पांढऱ्या जागेवर काळ्या सावल्या छापा, पाकोळी, ताडपाकोळी, क्रॅग मार्टिन, बार्न स्वॅलो, वुडस्वॅलो, खालून दिसतात तशा, शेजारी एकेक ओळ. पोरं कापून वहीत चिकटवतील आणि गच्चीवर घेऊन जातील. आणि ग्रामीण वार्ताहराने असा फोटो पाठवला की कॅप्शन टाकायच्या आधी जिल्ह्यातल्या एखाद्या पक्षी निरीक्षकाला दाखवा, मंडळी फुकट सांगतात, उलट खूश होतात.

वाचकांच्या पत्राला दोनशे शब्दांची मर्यादा आहे ते मला माहीत आहे, आमचं लांबलंय. कापायचं तर हमिंगबर्ड कापा, वेंगुर्ला कापा, शॉकवालं कंसातलंही कापा. जमिनीवर पडलेल्या पाकोळीचा मजकूर मात्र पूर्ण छापा, आणि जमल्यास त्याच रविवारच्या पुरवणीत, त्याच पानावर.

आपला,
एक निवृत्त वायरमन
वाई, जि. सातारा